वाचक विचारतात : ‘सगळं ठीक होईल’ म्हणण्याआधी फाइल बघा

स्तनाच्या कॅन्सरवर उपचार कोणते, हे डॉक्टर सांगतात. या वेळी निवडलेल्या पत्रांमधले प्रश्न त्याच्या अलीकडचे-पलीकडचे आहेत: शेजारणीने, मुलाने, बचतगटाने नेमकं काय करायचं? पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या बचतगटातल्या दोघींचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, तिसरीची केमो चालू आहे. आम्हाला त्यांच्यासाठी आधारगट करायचाय. भेटायला जातो, पण ‘सगळं ठीक होईल’ यापुढे काय बोलावं सुचत नाही. (सांगोला)

ते वाक्य सोडून द्या. हे ऐकलं की समोरची ओळखते, हिला यातलं काही ठाऊक नाही. मग ती पुढचं सांगत नाही. त्याऐवजी विचारा, ‘पुढची तारीख कधी आहे? बरोबर कोण येतंय?’ गटाचं निम्मं काम याच प्रश्नातून निघतं.

आधी फाइल लावून द्या. तारखेच्या क्रमाने बायोप्सीचा रिपोर्ट, ईआर, पीआर आणि हर-टू तपासणीचा रिपोर्ट (गाठ हार्मोनवर किंवा हर-टू नावाच्या प्रथिनावर वाढते का, ते सांगणारा), मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी, ऑपरेशननंतरचं डिस्चार्ज कार्ड, काढलेल्या गाठीचा रिपोर्ट, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि प्रत्येक केमोच्या दिवशी कोणतं औषध किती मिलिग्रॅम दिलं त्याचा कागद. हा शेवटचा कागद हमखास हरवतो. डॉक्सोरुबिसिन नावाचं लाल रंगाचं औषध आयुष्यभरात एका ठरावीक मर्यादेपर्यंतच देता येतं, त्यापुढे हृदयाला धोका असतो. काही वर्षांनी आजार उलटला, तर आधी किती गेलंय हे कळल्याशिवाय नवे डॉक्टर औषध ठरवू शकत नाहीत.

रिपोर्टइतकाच महत्त्वाचा असतो मेणाचा ब्लॉक. गाठीचा तुकडा लॅबमध्ये मेणात बसवून ठेवतात आणि त्याचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन तपासतात. मोठ्या हॉस्पिटलात गेलं की ‘ब्लॉक आणि स्लाइड आणा’ असं सांगतात, आणि तेवढ्यासाठी पुन्हा दोनशे किलोमीटर मागे यावं लागतं. पहिल्याच खेपेला लॅबकडून दोन्ही मागून घ्या. ते रुग्णासाठीच असतात. हर-टूच्या रिपोर्टवर ‘२ प्लस’ लिहिलं असेल तर ते उत्तर अर्धवट आहे. फिश नावाची पुढची तपासणी झाल्याशिवाय त्याला ना हो म्हणता येत, ना नाही.

दुसरं काम तापाचं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटला (३८ सेल्सिअस) पोचला, तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघणं हा यातला सगळ्यात महागात पडणारा घोळ आहे. गोळीने ताप उतरतो, जंतुसंसर्ग आत वाढत राहतो आणि पेशी कमी असल्यामुळे पू, सूज वगैरे नेहमीच्या खुणाही दिसत नाहीत. गटाच्या पैशातून एक डिजिटल थर्मामीटर घ्या आणि रात्री गाडी कोण काढणार, त्याचं नाव व फोन फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरं काम तारखांचं. दोन-तीन केमो झाल्या की गाठ हाताला लागेनाशी होते, घरचे म्हणतात ‘विरघळली’, आणि उपचार तिथेच थांबतात. हाताला लागली नाही म्हणजे गाठ पूर्ण गेली असं धरता येत नाही, ऑपरेशन राहतंच. गाठ हार्मोनवर वाढणारी असेल तर पुढे टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या पाच ते दहा वर्षं रोज घ्यायच्या असतात, त्या ‘उष्ण पडतात’ म्हणून सुटतात. अंगातून वाफा येणं, घाम, झोप उडणं हे त्या गोळ्यांचे खरेच त्रास आहेत, बाई नाटक करत नसते. त्यावर उपाय आहेत, पण ते डॉक्टरांनी द्यायचे. नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिनसारखी काही औषधं टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात, म्हणून गावातल्या डॉक्टरांना ‘ही गोळी चालू आहे’ हे आधी सांगायचं.

भेटायला कोणी जावं? जिचे स्वतःचे उपचार संपून किमान वर्ष झालंय आणि जी ऐकून घेऊ शकते, तिने. ही रीत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांनी १९५२ मध्ये, स्वतःच्या ऑपरेशननंतर, नव्या रुग्णांना भेटायला सुरुवात केली आणि ‘रीच टू रिकव्हरी’ या नावाने ती जगभर पोचली. मुंबईत व्ही केअर फाउंडेशन १९९४ पासून या धर्तीवर काम करतं. भेटणारीने औषधांची नावं सुचवायची नाहीत, डॉक्टर बदलायला सांगायचं नाही, ‘माझं तर असं झालं’ ही टेप लावायची नाही. अर्धा-पाऊण तास पुरतो.

आधारगट मोडायचं एक कारण फारसं कोणी बोलून दाखवत नाही. एखादीचा आजार हाडांत किंवा यकृतात पसरतो. मग ‘बऱ्या झालेल्यां’मध्ये बसणं तिला जड जातं, बाकीच्यांना तिच्याकडे बघणं जड जातं, आणि ती गुपचूप गळते. तिला काय हवंय ते तिलाच विचारा. बैठकीला ती आली नाही तरी घरी जाणं चालू ठेवा.

प्रश्न : आईला स्तनाचा कॅन्सर निघाला. केशरी रेशनकार्ड आहे. एका दवाखान्यात दोन लाख भरायला सांगितले. मुंबईलाच न्यावं का? (परभणी)

पैसे भरण्याआधी दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा. ही योजना आयुष्मान भारतला जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. केशरी, पिवळंच नव्हे तर पांढरं कार्डही आता चालतं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा. आरोग्यमित्र पूर्वमंजुरीचा अर्ज भरतो. ती आल्यावरच उपचार योजनेत सुरू होतात. आधी पैसे भरून नंतर ‘योजनेतून परत मिळतील’ असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

अर्ज बहुधा नावावर अडतो. आधारवर एक नाव, रेशनकार्डवर दुसरं, किंवा नाव माहेरच्याच कार्डावर राहून गेलेलं. तहसीलमधली ही दुरुस्ती बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघतानाच सुरू करा, तेवढेच आठ-दहा दिवस हाताशी असतात. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांची पॅकेजेस वेगवेगळी आहेत, म्हणून ‘योजनेत बसतं का?’ असं मोघम विचारू नका. ‘हे औषध, या नावाचं, पॅकेजमध्ये आहे का?’ असं विचारा. मंजूर पॅकेजवर वर पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

दवाखाना योजनेत नसेल, पण धर्मादाय ट्रस्टचा असेल, तर वेगळा हक्क आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला लागतो. ‘खाटा भरल्यात’ हे ठरलेलं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. लेखी मागितल्यावर खाट रिकामी होण्याचे चमत्कार घडतात.

मुंबईबद्दल: सगळे उपचार तिथेच करायची गरज बहुतेकांना नसते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये एकदा मत घ्यावं, उपचारांचा आराखडा लिहून घ्यावा, आणि केमो घराजवळ करता येईल का ते तिथेच विचारावं. परभणीकरांना छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहे. एकवीस दिवसांनी एक अशा सहा-आठ केमोंसाठी दर वेळी दोघांनी मुंबई गाठायची, तर ते बिल औषधांच्या शेजारी शोभेल इतकं होतं.

टाटात नोंदणी करताना सर्वसाधारण की खासगी असं विचारतात. पैशांची अडचण असेल तर सर्वसाधारण घ्या. राहायला जागा नसेल किंवा औषधांना पैसे कमी पडत असतील तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा, दलालाकडे नको. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही जुनी, भरवशाची ठिकाणं आहेत. तिथे जागेसाठी थांबावं लागतं, त्यामुळे पहिल्या दिवसाची सोय वेगळी करून निघा.

रेल्वेत उपचारासाठी जाताना-येताना कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण, तर टू एसीत निम्मी सवलत आहे. सोबत्याला स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के. हॉस्पिटलने सही-शिक्क्यासह भरून दिलेला रेल्वेचा फॉर्म घेऊन खिडकीवरच तिकीट काढायचं. तत्काळमध्ये ही सवलत नाही, म्हणून पुढची तारीख मिळाली की त्याच दिवशी आरक्षण करा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच.

प्रश्न : ऑपरेशनला आठ महिने झाले. त्या बाजूच्या हाताची बांगडी घट्ट होतेय. डॉक्टर म्हणाले होते जड उचलू नका. शेतातलं काम सोडावं लागेल का? आणि सिलिकॉनचा कृत्रिम स्तन परवडत नाही. (यवतमाळ)

बांगडी घट्ट होणं ही चांगली लवकर कळलेली खूण आहे. काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्यावर किंवा तिथे रेडिएशन दिल्यावर लसिकेचा, म्हणजे पेशींभोवतीच्या पाणीदार द्रवाचा, निचरा कमी पडतो आणि हात सुजतो. याला लिम्फेडेमा म्हणतात. सुरुवातीला धरला तर आटोक्यात राहतो. वर्षभर दुर्लक्ष केलं की सूज टणक होते आणि मग पूर्ण उतरत नाही.

शिंप्याची टेप घ्या. मनगटापासून वर दर दहा सेंटिमीटरवर दोन्ही हात मोजा आणि वहीत लिहा, महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळी. कुठल्याही एका जागी दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक आला तर फिजिओथेरपिस्टकडे जा. तिथे मालिश, पट्टी बांधणं आणि नंतर दाबाची बाही असा क्रम असतो. बाहीचं माप सूज उतरल्यावर घ्यायचं. सुजलेल्या हाताच्या मापाची बाही नंतर ढिली होते आणि पैसे वाया जातात. रोज वापरली तर सहा महिन्यांत तिचा ताण जातो, ती बदलावी लागते.

शेतातलं काम कायमचं सोडायची गरज नाही. हात अजिबात न वापरण्यानेही सूज वाढते. वजन हळूहळू वाढवत न्या: आधी रिकामी कळशी, मग पाव, मग अर्धी, आणि हात जड झाला की एक पायरी मागे. खरा शत्रू जखम आहे. कापूस वेचताना बोंडाचं टोक लागतं, निंदताना काटा जातो, चुलीचा चटका बसतो. पूर्ण बाहीचा शर्ट आणि हातमोजे घाला, खरचटलं तर लगेच साबणाने धुवा. रक्तदाब आणि सुई शक्यतो दुसऱ्या हाताला. हात लाल, गरम होऊन ताप आला तर मालिश आणि पट्टी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तो जंतुसंसर्ग असतो, त्याला अँटिबायोटिक लागतं.

ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांच्यासाठी: भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम टाळू नका. हात कानाला लागेपर्यंत सरळ वर जायला हवा, कारण रेडिएशनच्या टेबलावर तो डोक्यावर धरून निजावं लागतं. हात वर जात नाही म्हणून रेडिएशन लांबलेल्या बायका कमी नाहीत.

कृत्रिम स्तन फक्त दिसण्यासाठी नसतो. एका बाजूचं वजन गेलं की, विशेषतः अंगाने भरलेल्या बाईचा, खांदा तिरका होतो आणि मान-पाठ दुखते. मऊ सुताचा, क्रोशाने विणलेला आणि आत पॉलिएस्टरचा कापूस भरलेला स्तन घरी करता येतो, आणि काही संस्था तो मोफतही देतात. हलका असल्याने तो वर सरकतो, म्हणून ब्राच्या आत जुन्या मऊ सुती कापडाचा खिसा शिवा, तोंड काखेच्या बाजूला ठेवा. वजनासाठी मोहरीची छोटी पुरचुंडी आत घालतात. ती वेगळ्या कापडात बांधून काढता येईल अशी ठेवा. घामाने मोहरी ओली झाली की बुरशी धरते, तिला ऊन दाखवावं लागतं.

प्रश्न : पत्नीचा रिपोर्ट हर-टू पॉझिटिव्ह आहे. ट्रास्टुझुमॅब सुचवलंय, वर्षभर. इतकं महाग का? आपण काही करू शकतो का? (पुणे)

हे औषध दर तीन आठवड्यांनी, वर्षभरात सतरा-अठरा वेळा देतात. एके काळी त्याची एक मोठी कुपी लाखाच्या घरात होती आणि पेटंट एकाच कंपनीकडे होतं. २०१२ च्या अखेरीपासून रुग्णगट, स्त्री-संघटना आणि वकील यांनी एकत्र येऊन परवडणाऱ्या ट्रास्टुझुमॅबसाठी मोहीम चालवली. सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा सरकारी परवाना द्या, ही त्यांची मागणी होती. ऑगस्ट २०१३ मध्ये रोश कंपनीने भारतातलं पेटंट सोडून दिलं. २०१४ च्या सुरुवातीला बायोकॉनचं पहिलं देशी जैवसमान औषध (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) बाजारात आलं, ४४० मिलिग्रॅमला ५७,५०० रुपये. तेही स्वस्त नव्हतंच, पण मक्तेदारी मोडली. मागून इतर कंपन्या आल्या, २०१५ मध्ये औषध राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत गेलं आणि किमतीला सरकारी मर्यादा लागली. नवीन पिढीच्या ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकानवरचं सीमाशुल्क जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झालं. अशा सवलती आपोआप येत नाहीत, कोणीतरी वर्षानुवर्षं अर्ज लिहीत बसलेलं असतं.

तुम्ही आज करण्यासारखं: औषधाचं मूळ नाव सांगून तीन-चार कंपन्यांचे दर काढा, हॉस्पिटलच्या दुकानाबाहेरचेही. छापील किंमत आणि खरी विक्रीची किंमत यांत मोठी तफावत असते. छापील किमतीलाच घ्या असं दडपण आलं तर कारण विचारा. अमृत औषधालयांत (केंद्र सरकारच्या योजनेतली सवलतीची औषधदुकानं) चौकशी करा. बाहेरून आणलेली कुपी बर्फाच्या पेटीतच हवी, २ ते ८ अंशांत. ती गोठता कामा नये, म्हणून बर्फाला थेट टेकवू नका. हे औषध हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून दर तीन महिन्यांनी टूडी इको चुकवू नका.

पूर्ण वर्ष परवडणारच नसेल तर औषध सोडून देण्याआधी डॉक्टरांना कमी मुदतीबद्दल स्पष्ट विचारा. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या पर्सेफोनी चाचणीत सहा महिन्यांचा कोर्स बारा महिन्यांच्या जवळपास तोडीचा ठरला. सगळ्यांना तो लागू पडेलच असं नाही, गाठ किती मोठी, काखेत किती गेलंय यावर ते ठरतं. पण अर्धा कोर्स ठरवून घेणं आणि पैसे संपले म्हणून कुठेही थांबणं, यात पुष्कळ फरक आहे.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आमचं मंडळ गुलाबी फेरी आणि तपासणी शिबिर घेतं. आणखी काय करावं? (कोल्हापूर)

फेरीचे पैसे वाचवा, शिबिरानंतरच्या पाठपुराव्यावर खर्च करा. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर चाचणी केली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करून घेतली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणजे यंत्राशिवायही काम होतं, पण शिकलेला हात, ठरलेलं अंतर आणि पाठपुरावा हवा. एकदाच येऊन गेलेल्या शिबिराला हे आकडे लागू होत नाहीत.

शिबिराआधी तीन गोष्टी लेखी ठरवा: गाठ लागलेल्या बाईची मॅमोग्राफी-सोनोग्राफी कुठे, कोणत्या वारी, बायोप्सी कोण करणार, तिला घेऊन कोण जाणार. पडदा आणि तपासायला स्त्रीच हवी. शिबिरानंतर महिन्याने ‘किती आल्या’ हे मोजू नका, गाठ लागलेल्यांपैकी किती जणी बायोप्सीपर्यंत पोचल्या ते मोजा. तो आकडा बातमीत छापायला बरा दिसत नाही, पण पुढच्या वर्षी मंडळाने काय सुधारायचं ते त्यातूनच कळतं.

आणि गावातल्या डॉक्टरांना एक विनंती करा. ‘छोटीशी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणत बायोप्सीशिवाय काढलेली आणि फेकून दिलेली गाठ पुढचे सगळे उपचार अंदाजावर नेते. आधी सुईची बायोप्सी हवी. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. गाठ काढलीच, तर ती लगेच, तासाभराच्या आत, भरपूर फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवून ठेवणारं द्रावण) जायला हवी. सलाइनच्या बाटलीत घालून दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या तुकड्यावर ईआर-पीआरचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

प्रश्न : वडिलांच्या स्तनाग्राखाली कडक गाठ आहे, दुखत नाही. पुरुषांना हा कॅन्सर होतो का? ते दाखवायला लाजतात. (सावंतवाडी)

होतो, क्वचित. पुरुषांत बहुधा स्तनाग्राच्या मागेच सुरू होतो, आणि दुखत नाही म्हणूनच उशीर होतो. सर्जनकडे न्या, तपासण्या त्याच, सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईची बायोप्सी. कॅन्सर निघाला तर घरातल्या मुली-बहिणींसाठी बीआरसीए जनुकाच्या (यात दोष असेल तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) तपासणीबद्दलही त्याच भेटीत विचारा. ‘स्तन’ हा शब्द त्यांना अडत असेल तर केसपेपर काढताना छातीवरची गाठ म्हणा, काम अडत नाही.